शर्लीचे पंच्याण्णव टक्के

शर्लीला मी पंच्याण्णव टक्के सांगितले होते. मार्क नव्हेत. मार्क तिचे तिनंच आणले होते, बारावी सायन्सला एकोणनव्वद. पंच्याण्णव टक्के ही विलेपार्ल्याच्या के.एम.पी. कॉलेजात बीएस्सी स्टॅटिस्टिक्सला तिचा नंबर लागायची शक्यता, आणि ती मी दिली होती. फुकट. म्हणजे दोन नारळ आणि राजेळी केळ्यांची एक फणी सोडली तर फुकट.

मी शिक्षक नाही, हे आधीच सांगून टाकतो. वसईच्या एका ज्युनियर कॉलेजच्या ऑफिसात चौतीस वर्षं होतो, शेवटची नऊ हेडक्लार्क. आयुष्यात खडू हातात धरला तो नोटीस बोर्डावर ‘आज ऑफिस बंद’ लिहिण्यापुरता. तरी नंदाखालपासून आगाशीपर्यंत सगळे मला व्हिक्टरसर म्हणतात, आणि मी एकालाही कधी दुरुस्त केलं नाही. माझं पाप इथूनच सुरू झालं म्हणा.

रिटायर झाल्यावर रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या हॉलबाहेर मी टेबल टाकून बसायला लागलो. समोर लॅपटॉप, त्यात मुंबईतल्या सगळ्या कॉलेजांचे तीन वर्षांचे कटऑफ. पोरगं मार्कलिस्ट घेऊन यायचं, मागे आईबाप, त्यांच्या मागे पिशवी. मी चष्मा पुसायचो, लॅपटॉपमध्ये बघायचो, मग आकाशात बघायचो आणि टक्के सांगायचो.

या धंद्यातलं माझं एक गुपित होतं. सत्तरच्या खाली मी कधीच कुणाला उतरवलं नाही. समोर आई हात जोडून उभी, पिशवीतून शेवग्याच्या शेंगा बाहेर डोकावतायत, अशा वेळी ‘बाई, तुमच्या पोराला वीस टक्के’ हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मग विसाचे सत्तर व्हायचे. पन्नासाचे ऐंशी. पोराचा नंबर लागला की सर ग्रेट. नाही लागला की ‘सरांनी तर सत्तर दिले होते, आमचंच नशीब तीस निघालं’. दोन्हीकडून मी सहीसलामत.

शर्लीची गोष्ट वेगळी होती. तिच्या आकड्यात मी एक टक्कासुद्धा वाढवला नाही. तिला पंच्याण्णव मी मनापासून दिले आणि तिथंच फसलो.

के.एम.पी.च्या कागदावर दोन रकाने होते. ‘खुला’ : मागच्या वर्षी चौऱ्याण्णवला बंद. ‘अल्पसंख्याक’ : बहात्तरला बंद. आता नंदाखालमध्ये वाढलेल्या माणसाला अल्पसंख्याक कोण हे सांगावं लागतं का? आम्ही! शाळेच्या फॉर्मवर आम्ही, स्कॉलरशिपच्या फॉर्मवर आम्ही, निवडणुकीच्या भाषणात तर आम्हीच आम्ही. गावात दहा घरांपैकी नऊ आमची, तरी अल्पसंख्याक म्हटलं की दहाही घरं आमच्याकडेच बोट दाखवतात.

“बहात्तरला बंद झालंय, आणि तुला एकोणनव्वद,” मी शर्लीला म्हणालो. “पंच्याण्णव टक्के. पाच देवासाठी ठेवतो.”

तिचा बाप ऑस्टिन तुस्कानो, केळीच्या वाडीवाला, ताठ माणूस. त्यानं एवढ्या जोरात हात मिळवला की माझी अंगठी बोटात रुतली. आई फ्लॉसीनं तिथंच क्रूसाची खूण केली. शर्ली तेवढी लॅपटॉपमध्ये बघत राहिली.

“सर, अल्पसंख्याक म्हणजे इथं आपणच ना नक्की?”

“मग कोण, पारशी?” मी म्हणालो. सगळे हसले. मी जास्त हसलो.

“आणि दादरच्या कॉलेजचा फॉर्म पण भरून ठेवू का? उद्या शेवटचा दिवस आहे.”

“कशाला उगाच? पंच्याण्णव असताना कुणी दुसरीकडे रांग लावतं का?”

तिनं दादरचा फॉर्म भरला नाही. वसईच्या एका साध्या कॉलेजचा तिनं मला न विचारताच भरून टाकला होता, म्हणून तेवढा राहिला. पहिल्याच यादीत तिथं तिचं नाव लागलं. गुरुवारी दुपारी एकपर्यंत मूळ शाळा सोडल्याचा दाखला जमा करून सीट पक्की करायची, नाही तर सीट पुढच्याला जाणार. के.एम.पी.ची अल्पसंख्याक यादी शुक्रवारी. दाखला एकच. तो वसईत अडकवला तर पार्ल्याला काय दाखवणार? ऑस्टिननं मला फोन केला.

“सर, वसईची सोडून देतो. बरोबर?”

“बेधडक सोड,” मी म्हणालो.

हे मंगळवारी. बुधवारी दुपारी जेवून उठलो आणि सहज म्हणून के.एम.पी.ला फोन लावला. शर्लीला फादरचं पत्र जोडावं लागेल का, एवढंच विचारायचं होतं. एका बाईंनी फोन उचलला.

“मॅडम, माइनॉरिटी कोटा के लिए चर्च का लेटर चलेगा?”

“किसका लेटर?”

“चर्च का. हमारे फादर का.”

“आपके पिताजी का लेटर क्यूं चाहिए?”

“पिताजी नहीं मॅडम, फादर! चर्च के!”

बाई हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलतात तसं, म्हणाल्या, “अंकल, ये गुजराती माइनॉरिटी का कॉलेज है. भाषा की माइनॉरिटी. कांतिलाल मणिलाल पारेख. आपके घर में गुजराती बोलते हैं?”

मी रीटाकडे बघितलं. रीटा म्हणजे माझी बायको. ती सुरमई साफ करत होती आणि फोन स्पीकरवर होता.

“सांगा त्यांना,” रीटा म्हणाली, “ढोकळा खातो म्हणून. तेवढ्यावर देतायत का बघा.”

मी फोन ठेवला.

“कुणाला सांगितलंत तुम्ही या कॉलेजचं?”

“पाच जणांना. तिघांनी दुसरीकडे घेतल्या सीटा. राहिली शर्ली आणि फादरचा भाचा केल्विन.”

“फादरचा भाचा!” रीटानं सुरी खाली ठेवली. “बरं झालं. निदान नरकात जाताना ओळखीनं जाल. आता उठा, पायात चपला घाला, ऑस्टिनकडे जा आणि सांगा. उद्या एकच्या आत. त्या पोरीची तेवढी एकच सीट उरलीय.”

मी निघालो. स्कूटरवर अख्ख्या रस्त्याला वाक्य जुळवत होतो. ‘ऑस्टिन, एक छोटी गडबड झालीय.’ नको. ‘ऑस्टिन, तुला गुजराती येतं का?’ हे तर मुळीच नको.

नाक्यावर पोचलो आणि स्कूटर आपोआप थांबली. दोन पोरं खांबावर चढून फ्लेक्स बांधत होती. दहा बाय आठचा. मधोमध धनेशभाऊ हात जोडून, भाऊंना या खेपेला नगरसेवक व्हायचंय. कोपऱ्यात शर्ली, पांढऱ्या फ्रॉकात, डोक्यावर फुलांचा मुकुट, हातात मेणबत्ती. फर्स्ट कम्युनियनचा फोटो! म्हणजे नऊ वर्षांची मुलगी के.एम.पी. कॉलेजात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. आणि खाली गोल चौकटीत मी. मार्गदर्शक : प्रा. व्हिक्टर लोपीस सर.

प्राध्यापक! मी कपाळाला हात लावला. खाली उभ्या धनेशभाऊंना वाटलं मी सलाम केला. त्यांनी उलट सलाम ठोकला.

“काय सर, आवडला? तुमचा फोटो फेसबुकवरून घेतला. मागे बियरची बाटली होती, ती काढायला लावली.”

“भाऊ, अजून यादी लागायचीय...”

“तुम्ही पंच्याण्णव दिलेत ना? मग यादी काय करायचीय!”

ऑस्टिनच्या घरी गेलो. फ्लॉसीनं दारातच माझे दोन्ही हात धरले. उद्या सकाळी सातचा उपकाराचा मिस्सा सांगितलाय, तुम्ही पहिल्या बाकावर बसायचं, मग इथं नाश्ता. बोलता बोलता तिनं माझ्यापुढे सुकेळी, म्हणजे वाळवलेली राजेळी केळी, ठेवली. मी तोंड उघडलं ते सांगायला, आणि एक तोंडात गेलं. दुसऱ्यांदा उघडलं, दुसरं गेलं. तोंडात सुकेळं असताना माणसाला कबुली देता येत नाही. तिसऱ्या खेपेला मी तोंडच उघडलं नाही. ‘उद्या येतो’ अशी मान हलवून निघालो. शर्ली ओट्यावर केळीची पानं मोजून जुड्या बांधत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे एकदा बघितलं, परत मोजायला लागली. मी पळालो.

सरळ चर्चमध्ये. मनात आलं, कन्फेशन करू, देवाला सांगून टाकू, म्हणजे निम्मं ओझं तरी उतरेल. आणि कोण जाणे, देव परस्पर ऑस्टिनला कळवेलही. जाळीच्या पलीकडे फादर बसले होते. मी गुडघे टेकले आणि सगळं ओकलो : रकाना, बहात्तर, गुजराती, दादरचा फॉर्म, फ्लेक्स.

जाळीपलीकडून फादरांचा आवाज आला. तो पापं ऐकणाऱ्या माणसाचा आवाज नव्हता.

“व्हिक्टर, आमच्या केल्विनला नव्वद दिलेस, ते पण ह्याच रकान्यातून?”

“हो, फादर.”

“अरे देवा.” हे प्रार्थनेसारखं नव्हतं. “माझी ताई त्याची दुसरीकडची सीट सोडायला निघालीय उद्या! आणि आता मी तिला हे सांगूही शकत नाही. कन्फेशनमध्ये ऐकलेलं बाहेर न्यायचं नसतं.” मग जाळीला तोंड लावून म्हणाले, “असं कर. आधी पापक्षमा घे. प्रायश्चित्त म्हणून तीन ‘आमच्या पित्या’, आणि उद्या एकच्या आत ऑस्टिनला खरं सांगायचं. पण आत्ता लगेच बाहेर ओट्यावर ये, आणि मला हेच सगळं पुन्हा सांग. साधं, शेजाऱ्याला सांगतात तसं.”

मग मी ओट्यावर गेलो आणि तेच पाप पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. या खेपेला फादरांनी मध्ये मध्ये ‘अस्सं?’ ‘काय सांगतोस!’ असं म्हणून पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं केलं. रोझरीच्या प्रार्थनेला आलेल्या बायका आमच्याकडे बघत आत जात होत्या. माझं झालं तसे फादर फोनकडे धावले. केल्विन वाचला. राहिली शर्ली.

गुरुवारी सकाळी साताला मी पहिल्या बाकावर. रात्रभर डोळा लागला नव्हता. मिस्सा संपत आला आणि फादरांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की बाकाखाली जावंसं वाटलं.

“श्री. व्हिक्टर लोपीस यांना दोन शब्द सांगायचे आहेत,” ते माईकवर म्हणाले.

मला कळलं. प्रायश्चित्त आता वसूल होत होतं. मी वर गेलो. समोर अख्खं गाव. ऑस्टिन नव्या शर्टात. फ्लॉसीच्या डोळ्यांत आधीच पाणी.

“बंधू-भगिनींनो,” मी म्हणालो, “या यशात माझा काहीही वाटा नाही.”

टाळ्या.

“नाही, ऐका. खरंच नाही. यशच नाही हे.”

हशा. मागून लुईझा मावशींचा आवाज आला, “बघा, किती लीन माणूस!”

“मी चूक केलीय. मोठी चूक.”

“आम्ही सगळेच पापी, सर!” कुणीतरी ओरडलं. पुन्हा टाळ्या.

माझा आवाज चढला. “ती सीट शर्लीची नाहीच आहे!”

“देवाची आहे!” लुईझा मावशी उभ्या राहून म्हणाल्या. कॉयरवाल्यांना तो इशारा वाटला. कीबोर्डवर बोटं पडली आणि अख्खं चर्च उपकारस्तुतीचं गाणं म्हणायला लागलं. मी माईकसमोर उभा. फादरांनी डोळे मिटले होते. बहुतेक ते पण प्रार्थना करत असावेत, पण माझ्यासाठी नाही.

साडेआठ वाजले. ऑस्टिनच्या अंगणात नाश्ता मांडला होता. ह्या खेपेला मी काही खाल्लं नाही. खुर्चीवर बसलोसुद्धा नाही.

“ऑस्टिन, मी चर्चमध्ये बोललो ते नम्रता वगैरे नव्हती. मी चुकीचा रकाना वाचला. तिथं अल्पसंख्याक म्हणजे गुजराती. आपण नाही. कालच मला कळलं. वसईची सीट आज एक वाजता जाईल. दाखला घेऊन निघ आत्ताच्या आत्ता.”

फ्लॉसीच्या हातातली किटली तशीच राहिली. ऑस्टिन मात्र हसला.

“झालं बोलून? आता मी सांगू? काल संध्याकाळी तुम्ही आणि फादर ओट्यावर अर्धा तास कुजबुजत होता. सगळ्या बायकांनी पाहिलं. त्यांचा केल्विन पण त्याच यादीत आहे. माझी पोरगी बाजूला झाली की कुणाचा नंबर वर सरकतो?”

“अरे, केल्विननं दुसरीकडे...”

“मास्तर, मी वाडीवाला असलो तरी खुळा नाही. पंच्याण्णव दिलेत तेव्हा विचार केला होता ना? मग आज कुणी करायला लावला दुसरा विचार?”

मी खोटं सांगितलं तेव्हा या माणसानं माझा हात चुरगाळला होता. आज खरं सांगत होतो तर तोच हात मागे बांधून उभा होता. आणि त्याचं तरी काय चुकलं? विसाचे सत्तर मीच करत आलो इतकी वर्षं. खरं बोलताना मी कसा दिसतो ते कुणाला ठाऊकच नव्हतं.

मग शर्ली पुढे आली.

“सर, आता किती टक्के?”

बस एवढंच. माझ्या जिभेवर सवयीनं ‘दहा’ आलं. दहा म्हटलं असतं तर कुणाचं मन दुखलं नसतं. पण ऑस्टिन त्या दहावर बैलासारखा बसून राहिला असता, आणि एक वाजून गेला असता.

“शून्य,” मी म्हणालो.

आयुष्यात पहिल्यांदा. शर्ली आत गेली, फाईल घेऊन बाहेर आली आणि चपला घातल्या.

“पप्पा, मी वसईला जाते. येताय?”

“मी येणार नाही. आणि तुला जायचं असेल तर...”

“मला अठरा पूर्ण आहेत, पप्पा. सही माझी चालते.” मग माझ्याकडे वळून, “सर, स्कूटरमध्ये पेट्रोल आहे ना? नक्की? बघून सांगा.”

मी टाकी उघडून बघितलं. कधी नव्हे तो अंदाज सांगितला नाही.

निर्मळ गेलं, गास गेलं. खड्डा आला की मी ‘सांभाळ’ म्हणायचो, ती ‘हं’ म्हणायची. वसईच्या अलीकडे फाटकावर थांबलो तेव्हा मागून म्हणाली, “दादरची यादी परवा लागली, सर.”

मी आरशात बघितलं नाही.

“अठ्ठ्याऐंशी पॉइंट चारला बंद झाली.”

शर्लीला एकोणनव्वद. म्हणजे तिथं तिचं नाव नक्की होतं. मी ‘कशाला उगाच’ म्हटलं नसतं तर.

“शर्ली, मी...”

“मी काही म्हणत नाही, सर. नुसतं सांगते.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

कॉलेजच्या खिडकीवर माझ्या ओळखीचा क्लार्क निघाला. ‘अरे सर, तुम्ही!’ करत त्यानं आम्हाला रांगेतून पुढे घेतलं. शर्लीचा दाखला हातात घेतला, शिक्का मारला, बॉक्स फाईलमध्ये टाकला आणि पट्टी आवळली. “आता हा इथला झाला. परत पाहिजे तर अर्ज, प्राचार्यांची सही, आठ दिवस. तुम्हाला काय सांगायचं, सर, तुम्ही तर हीच कामं केलीत.” साडेअकरा वाजले होते. शर्लीनं पावती नीट घडी करून फाईलमध्ये ठेवली. तिची सीट वाचली. मला वाटलं, चला, निदान एवढं तरी नीट झालं.

शुक्रवारी के.एम.पी.ची अल्पसंख्याक यादी लागली. शहा, गांधी, मेहता, परत शहा. तुस्कानो नाही, कुणी लोपीस नाही, डिमेलो नाही. संध्याकाळी ऑस्टिन आमच्या दारात उभा. डोक्यावरची टोपी हातात.

“सर, माफ करा. मी नको ते बोललो. तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून पोरीचं वर्ष वाचलं.”

“अरे, चूक माझी होती,” मी म्हणालो.

“चूक कुणाची होत नाही? पण कबूल करायला छाती लागते.”

रीटानं चहा आणला. कप ठेवताना माझ्याकडे बघून पुटपुटली, “छाती म्हणे.” पण मी, खोटं कशाला बोलू, जरा सुखावलो. रात्री झोप पण लागली. गुन्हेगाराला एवढी गाढ झोप लागू नये.

शनिवारी दुपारी अडीचला मी लॅपटॉप उघडला. गरज काहीच नव्हती. के.एम.पी.च्या पानावर नवीन नोटीस होती. अल्पसंख्याक कोट्यातल्या अकरा जागा भरल्याच नाहीत, म्हणून त्या खुल्या गटाला दिल्या. यादी सकाळी दहाला. मूळ दाखला घेऊन आजच दुपारी बारापर्यंत हजर राहावे, नंतर हक्क राहणार नाही. वरच्या मार्कांची पोरं तोवर दुसरीकडे गेलेली, म्हणून अकरावा नंबर सत्त्याऐंशीला.

चौथं नाव : तुस्कानो शर्ली ऑस्टिन. ८९.००.

मी ते नाव तीनदा वाचलं. मग चष्मा काढून वाचलं. चौतीस वर्षं ऑफिसात काढली, रिकामे राहिलेले कोटे शेवटी खुल्याला जातात हे मला ठाऊक नव्हतं? होतं. दरवर्षी मीच तशा नोटिसा टाईप करायचो. पण गुरुवारी अंगणात उभा राहून ‘शून्य’ म्हणताना मला माझ्या पश्चात्तापाचा एवढा पुळका आला होता की हिशोब करायचा राहूनच गेला. नाक्यावरचा तो वेडपट फ्लेक्स सकाळी दहा ते बारा, दोन तास, अगदी खरा होता. गावात फक्त मीच खोटा होतो, तोही दोन्ही बाजूंनी.

रीटाला सांगितलं. तिनं चपला आणून समोर ठेवल्या.

शर्ली वाडीत होती, केळीच्या रांगेत, वाळलेली पानं काढत. मला बघून विळा खाली ठेवला.

“शर्ली, एक सांगायचंय. के.एम.पी.ची...”

“पाहिली मी, सर. सकाळी दहाला.”

“दहाला? मग अगं, मला फोन...”

“फोन करून काय करणार होतो? दाखला वसईत. आठ दिवस.” तिनं हात झटकले. “म्हणजे तुमचे पंच्याण्णव बरोबरच होते की. कारण तेवढं चुकलं.”

“मी ऑस्टिनला सांगतो. आत्ताच सांगतो. जे काय म्हणायचं ते म्हणू दे मला.”

“नाही.” एवढा कडक आवाज मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. “पप्पांना सांगायचं नाही. कालपासून ते बरे जेवतायत. त्यांना कळलं की आपण अंगणात अडून बसलो तेच बरोबर होतं, तर ते ह्या घरात कुणाला सुखानं जगू देणार नाहीत. मला वसईला जायचंय आता तीन वर्षं, रोज. मला शांतपणे जाऊ द्या.”

“पण मग मी काय करू?”

“गुरुवारी तुम्हाला बोलायचं होतं, बोललात. आता गप्प बसा.”

बोलणं एका सकाळचं होतं, ते कसंबसं पार पडलं. हे गप्प बसणं किती वर्षांचं, याचा अंदाज मला करवेना.

एवढ्यात बांधावरून ऑस्टिन आला. लांबूनच हात वर. “सर! बरे भेटलात!” जवळ येऊन त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, मातीचा, जड. “आत्ता नाक्यावर हेच बोलणं चाललं होतं. मी सगळ्यांना सांगितलं, गोड बोलणारे शंभर मिळतील, पण तोंडावर ‘शून्य’ सांगणारा माणूस या पट्ट्यात एकच. तेव्हा राग आला मला, पण खरं ते खरं. काय गं शर्ली, खरं बोलले ना सर?”

“खरं बोलले,” शर्ली म्हणाली. विळा उचलला, पण पानाला लावला नाही. माझ्याकडे बघत उभी राहिली.

“बघा! पोरगी पण म्हणते. धाकट्याची दहावी आहे पुढच्या वर्षी, त्याचं सगळं तुमच्याच हाती. काय सर? खरं ना?”

“हो,” मी म्हणालो.

शर्ली वळली आणि पुढच्या केळीकडे गेली.